चांदोदचा वस्तरा

लक्ष्मणने फवाऱ्याने समरजितचे केस ओले केले, कंगवा कपाळावरून मागे ओढला आणि हात मध्येच थांबवला. ओल्या केसांखालून टाळू दिसत होती. भांगाची एक रेघ दिसावी तशी नव्हे. कपाळापासून मानेपर्यंत जिकडे कंगवा जाईल तिकडे दिसत होती. सत्तावीस वर्षांच्या पोराचे डोके, आणि तेसुद्धा फत्तेसिंहरावांच्या पोराचे. त्यांच्या केसांत तर शेवटच्या आजारपणातही कंगवा अडकायचा.

"थांबलात का, काका?"

"पाणी जास्त पडलं."

"पाणी कसलं, मला दिसतंय ना." समरजितने आरशात बघत मान डावी-उजवी केली. "आमच्याकडे येऊन उशी बघा एकदा. आई रोज सकाळी उशी झटकते आणि तुमचं नाव घेते."

"माझं? मी काय केलं?"

"वस्तरा जुना होता म्हणते. चांदोदला."

लक्ष्मणने कंगवा खाली ठेवला. कारेलीबागेतले हे दुकान त्याच्या वडिलांनी थाटले होते. पाटी गुजराती अक्षरांत, देवघरात तुळजाभवानी शेजारी अंबाजी, आणि गिऱ्हाइके दोन्ही भाषांत घासाघीस करणारी. त्याच्या घराण्याचे मूळपुरुष गायकवाडांच्या फौजेबरोबर देशावरून बडोद्याला आले, ते शिपायांच्या दाढ्या करत. समरजितचे पूर्वज त्याच फौजेत घोड्यावर होते. घोडे गेले, फौज गेली, संस्थान गेले. पण ह्या घरातले जावळ आणि ह्या घरातले दहाव्याचे मुंडण लक्ष्मणच्या घराकडेच राहिले होते.

फाल्गुनात फत्तेसिंहराव, लक्ष्मणचे दादासाहेब, गेले. फुप्फुसांनी दगा दिला. दहाव्याला घरची पुरुष मंडळी चांदोदला गेली आणि नर्मदेच्या काठावर लक्ष्मणने आठ डोकी उतरवली. एरवी दुकानात तो मोडून अर्धे केलेले पाते घालायचा वस्तरा वापरायचा, एका माणसाला एक पाते. पण अशा कामासाठी आजोबांचा हस्तिदंती मुठीचा वस्तरा पेटीतून निघायचा. त्याला धार लावण्यात त्याने आदला अख्खा दिवस घालवला होता. ह्या सगळ्याला आता सात महिने झाले होते.

"बाकीचे काय म्हणतात?" त्याने विचारले.

"आई जे म्हणते तेच. मुंडण केल्यावर केस दुप्पट यायला हवेत, इथे निम्मेसुद्धा नाहीत. म्हणजे हात जड लागला असणार. सुरसागरच्या मावशी म्हणाल्या, मुळं खरवडली गेली."

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. मुंडण केल्याने केस दाट येत नाहीत हे लक्ष्मणला पुरते ठाऊक होते. हजारभर डोकी उतरवल्यावर एवढे कुणालाही कळेल. पण जावळाला बोलावणाऱ्या आयांना तो कधी हे बोलला नव्हता, त्याचे वडील बोलले नव्हते, आजोबाही नाही. "बघा आता कसे येतात," असे म्हणत सगळ्यांनी नारळ आणि दक्षिणा घेतली होती. ज्या समजुतीने तीन पिढ्यांना मान दिला तीच आता अंगावर उलटली होती, आणि तक्रार करायला तोंड नव्हते.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं ने. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल. म्हणाले, मोठा धक्का बसला की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, आणि आणखी दोन-तीन महिन्यांत आपोआप थांबतात, परत येतात. आबांचं झालं म्हणून असेल." समरजितने खांदे उडवले. "पण ते तर ऑगस्टमध्येच थांबायला पाहिजे होतं. आता दिवाळी आली."

त्याचा फोन वाजला. "एक मिनिट हां, काका," म्हणून तो गळ्यातल्या कापडासकट उठला आणि पाणी तापवायच्या मागच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक गोडसर वास आला, लिचीच्या सरबताचा. लक्ष्मणने नाक वर केले. त्याच्या दुकानात सरबत नव्हते.

केस कापून समरजित गेला. लक्ष्मणने केर काढताना कापलेल्या केसांतून बोटे फिरवली आणि कापडावर आपणहून गळून पडलेले चार-पाच लांब केस वेगळे काढून कागदात गुंडाळले.

ह्या माणसाला चौकस म्हणणे म्हणजे त्याची भीड ठेवणे झाले. त्याची बायको मंदा त्याला सरळ भोचक म्हणायची. समोरच्या इमारतीत लिफ्ट का बंद पडते, दूधवाल्याची म्हैस कुठल्या गावची, नव्या बिऱ्हाडकरूचा जावई नक्की काय करतो, हे सगळे त्याला माहीत असायचे, आणि माहीत नसले तर झोप लागायची नाही. आता तर त्याच्या स्वतःच्या हाताचे नाव गेले होते. त्याला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण रागापेक्षा जास्त त्याला कुतूहल वाटले. वस्तऱ्याने नाही, तर मग कशाने?

दुपारी गिऱ्हाईक नव्हते तेव्हा त्याने वर्तमानपत्र वाचायचे भिंग काढले आणि ते केस पांढऱ्या कागदावर ठेवले. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. सगळ्याच केसांना. म्हणजे तुटलेले नव्हते, मुळातून सुटून आले होते. वस्तरा केस कातडीच्या वर कापतो. सात महिन्यांपूर्वी वर कापलेला केस आज आतून सुटून येतो, हे त्याला कुठल्याही हिशोबाने पटेना.

मग त्याला आठवले, त्या दिवशी त्याच वस्तऱ्याखाली आणखी सात डोकी होती.

तीन म्हाताऱ्यांची सोडून दिली. त्यांच्या डोक्यावर आधीच काही राहिले नव्हते. दोघे पुण्याचे होते. उरला समरजितचा चुलतभाऊ दिग्विजय आणि त्याचा धाकटा. दोघे वासण्याला राहायचे. संध्याकाळी लक्ष्मणने दुकान लवकर बंद केले, ॲक्टिव्हा काढली आणि घरी अकोट्याला वळायच्या ऐवजी सरळ वासण्याला गेला.

दिग्विजय दारातच भेटला. डोक्यावर हेल्मेट होते.

"अरे, लक्ष्मणकाका! आवो, आवो. काही काम?"

"काम काही नाही. इथून चाललो होतो. हेल्मेट काढ बघू."

"का?"

"घाम आला असेल."

दिग्विजयने गोंधळून हेल्मेट काढले. खाली केसांचे रान माजले होते. लक्ष्मणने परवानगी न विचारता त्यात बोटे घातली आणि टाळू शोधली. सापडायला वेळ लागला. मग त्याने धाकट्याला बोलवायला लावले. त्याचेही तेच. दोघांनाही कळेना की काका इतके खुश का झालेत. त्यांच्या आईने चहा दिला, पण तो देताना तिची नजर लक्ष्मणच्या हातांकडे होती, आणि मुलगे त्याच्या फार जवळ बसणार नाहीत ह्याची ती काळजी घेत होती. सुरसागरच्या मावशींची मते वासण्यापर्यंत पोचली होती. चहा गरम होता तरी लक्ष्मणने तो दोन घोटांत संपवला.

तोच वस्तरा, तेच नर्मदेचे पाणी, तोच हात, तिघांच्या आजोबांचे रक्तही तेच. दोन डोकी भरली, एक उजाड झाले. मग समरजितच्या आयुष्यात असे काय होते जे ह्या दोघांच्या नव्हते? वडील गेले, हे एक. पण डॉक्टरांच्याच म्हणण्याप्रमाणे त्याची मुदत ऑगस्टमध्ये संपली होती. आणि मग त्याला तो लिचीचा वास आठवला.

घरी आल्यावर त्याने मुलीला गाठले. आकांक्षा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बापाच्या प्रश्नांना घरात तीच एकटी पुरून उरायची.

"बेटा, असा कुठला धूर असतो ज्याला फळाचा वास येतो?"

"पप्पा, कोण ओढतंय?"

"कोणी नाही. मी विचारतोय."

"वेप." तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "इलेक्ट्रॉनिक सिगारेट. आत रस असतो, तो तापतो, त्याची वाफ ओढायची. लिची, आंबा, पुदिना, सगळे वास येतात. दिसायला जाड पेनासारखं असतं."

"त्याच्यावर तर बंदी आहे ना?"

"बंदी छे, आहे म्हणूनच तर पानाच्या गल्ल्यावर टेबलाखालून देतात." आता तिने पुस्तक मिटले. "आमच्या क्लासमध्ये चार जण ओढतात. कोण आहे सांगा ने."

लक्ष्मणने नाव सांगितले नाही. केसांचे मात्र सगळे सांगितले. भिंग, पांढरे ठिपके, वासण्याची दोन डोकी. आकांक्षा हसत हसत ऐकायला बसली, पण हळूहळू तिचे हसू गेले आणि तिने फोन काढून शोधायला सुरुवात केली. अर्धा तास बाप-लेक एका फोनवर डोके घालून बसले. मंदा दोनदा जेवायला बोलावून गेली.

"हे बघा," आकांक्षा म्हणाली. "बहुतेकांत निकोटीन असतं. त्याने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. केसाच्या मुळाला रक्त कमी पोचलं की केस दुबळा होतो, लवकर गळतो. सिगारेट आणि टक्कल, ह्याच्यावर बरेच अभ्यास झालेत. वेपवर अजून फार थोडे. सगळीकडे 'होऊ शकतं' असंच लिहिलंय. छातीठोकपणे कोणी सांगत नाही."

"म्हणजे होतं की नाही?"

"माहीत नाही, पप्पा. धक्क्याने गळायला लागले असतील आणि ह्याने परत येत नसतील. किंवा ह्याचा काही संबंध नसेल, अजून वेगळंच काही असेल. एका डोक्यावरून नाही सांगता येत."

"तीन डोकी बघितली मी."

"तीन डोक्यांवरूनही नाही सांगता येत."

लक्ष्मणला हे आवडले नाही. इतकी वर्षे तो केसांकडे पाहत आला होता आणि केसांनी त्याला कधी 'होऊ शकतं' असे उत्तर दिले नव्हते.

"आणि वस्तरा? त्याचं काय?"

"वस्तऱ्याचं काय असणार? केस कातडीच्या आत तयार होतो. वस्तरा तिथे पोचतच नाही." ती त्याच्याकडे बघून एकदम हळू आवाजात म्हणाली, "कोणी तुम्हाला काही बोललं का?"

"जेवायला चल," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी समरजित दाढीला आला. लक्ष्मणने साबण लावला, अर्धा गाल केला आणि मग वस्तरा बाजूला ठेवून म्हणाला, "खिशात आहे ते काढ."

"काय?"

"लिची."

समरजितने आरशातून त्याच्याकडे पाहिले. अर्ध्या गालावर फेस तसाच होता. मग कापडाखालून हात घालून त्याने एक निळी नळी बाहेर काढली आणि टेबलावर कंगव्यांशेजारी ठेवली. लक्ष्मणने ती उचलली, उलटसुलट केली, एका डोळ्याने तिच्या भोकातून पाहिले. हातात घेतल्यावर ती इतकी हलकी लागली की त्याला थोडी निराशाच वाटली.

"आत पाणी असतं?"

"पाणी नाही, लिक्विड."

"आणि ही टोकाची बत्ती कधी लागते?"

"ओढली की." समरजितला हसू आले आणि लगेच मावळले. "काका, आईला सांगू नका, प्लीज. आबा हॉस्पिटलमध्ये होते ना, तेव्हा सुरू केली. त्याच्या आधी मी सिगारेट ओढायचो, हे पण तिला माहीत नाही. आबांच्या छातीचा फोटो बघितला आणि त्या दिवशी सिगारेट फेकून दिली. म्हटलं ही तर वाफ आहे. धूर नाही, राख नाही, वास पण चांगला."

"दिवसातून किती वेळा?"

"मोजत नाही."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, सिगारेट ओढता का? मी म्हटलं, नाही. खोटं नाही बोललो. ओढत नाहीच ना."

लक्ष्मणने आकांक्षाने सांगितलेले सगळे त्याला सांगितले. बारीक नळ्या, मुळाशी न पोचणारे रक्त. 'होऊ शकतं' हेसुद्धा इमानाने सांगितले, आणि सांगताना त्याला जाणवले की समरजितच्या कानांनी तेवढेच नेमके उचलले.

"म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही. पण तू दोन महिने बंद करून बघ. केस आले तर आले."

"आणि नाही आले तर?"

"तर फुप्फुसं तरी राहतील."

समरजितने टेबलावरच्या नळीकडे पाहिले. मग म्हणाला, "सोडीन, काका. आईला मात्र सांगू नका. आत्ताच तर जरा सावरलीये ती. वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, ह्याच्या मागे लागलीये. त्यात हे कळलं तर..."

"नाही सांगणार."

हे शब्द फार सहज निघाले. ह्या घरातल्या पुरुषांना असला शब्द द्यायची त्याच्या जिभेला सवय होती. समरजितने निळी नळी पुन्हा खिशात घातली, आणि लक्ष्मणने उरलेला गाल पुरा केला.

त्याच आठवड्यात समरजितच्या आईचा, विजयमालाबाईंचा, निरोप आला. रविवारी दहा वाजता घरी या.

विजयमालाबाईंनी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला होता. त्यांच्यासमोर बसले की लक्ष्मणला आपण गृहपाठ केला नाही असे वाटायचे, आणि तो तर चौथीपर्यंत गेलेला माणूस, कधीच केला नव्हता. सोसायटीचा जिना चढताना त्याने मनाशी सगळी जुळवाजुळव केली. पांढऱ्या ठिपक्यांचे सांगता आले असते. दिग्विजयच्या केसांचे सांगता आले असते. पण एवढे सांगितले की पुढचा प्रश्न येणारच, मग समरजितचेच का? आणि त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही असा शब्द गेला होता. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्याने ठरवून टाकले. हाताचे नाव गेले तर जाऊ दे. पोराने सोडतो म्हटले आहे, सोडेल. आईच्या डोक्याला नवा घोर नको. हे ठरवल्यावर त्याला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असे वाटले आणि उरलेल्या पायऱ्या तो भराभर चढला.

दिवाळीची साफसफाई चालली होती. भिंतीवरून उतरवलेला फत्तेसिंहरावांचा फोटो दिवाणावर टेकवून ठेवला होता. बाईंनी चहा आणला, समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"समरजित आंघोळीला गेलाय," त्या म्हणाल्या. "लक्ष्मण, मी तुम्हाला स्पष्टच विचारते. चांदोदला वस्तरा कसा होता?"

लक्ष्मणने कपातल्या चहाकडे पाहिले.

"चुकलंच, वहिनीसाहेब. जुना आहे तो. धार बरोबर लागली नव्हती, हातही जरा जड पडला असेल. त्या दिवशी मन ठिकाणावर नव्हतं."

"म्हणजे दोष तुमचा?"

"माझाच."

आतून नळाचा आवाज येत होता. लक्ष्मणला वाटले, झाले, आता रागावतील आणि सुटका होईल. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गातल्या एकाच मुलावर भिस्त ठेवावी आणि त्यानेही पाटी कोरी दाखवावी, तशा त्या दिसत होत्या.

"चार लोकांत मी तुमचं नाव खराब केलं," त्या म्हणाल्या. "सुरसागरला, वासण्याला, सगळीकडे. मुद्दाम. वस्तऱ्याने मुळं जात नाहीत एवढं मलाही कळतं. म्हटलं, स्वतःवर आलं की तरी हा माणूस बोलेल. तुम्ही कबूल करून मोकळे झालात."

लक्ष्मणने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले.

"त्याच्या शर्टाच्या खिशात एक निळं पेन सापडलं. मी टोपण काढायला गेले तर टोपणच नाही. नाकाशी नेलं तर लिची. काय आहे ते मला माहीत नाही. वाईट आहे एवढं कळलं, कारण ते खिशात नाही दिसल्यावर त्याने दोन मिनिटांत सगळं घर पालथं घालून शोधलं."

"मग त्यालाच विचारायचं ना, वहिनीसाहेब."

"विचारलं तर नाही म्हणेल. आणि एकदा नाही म्हणाला की मग ते नाही त्याला जन्मभर सांभाळावं लागेल." त्यांनी फोटोकडे पाहिले नाही. "ह्यांना मी एकदाच विचारलं होतं. पहिल्या अटॅकनंतर. सिगारेट सुटली का? सुटली म्हणाले. त्यानंतर त्यांना कधी माझ्यासमोर ओढता आली नाही आणि मला कधी पुन्हा विचारता आलं नाही. रविवारी तुमच्याकडून दाढी करून यायचे आणि घरभर वेलचीचा वास सुटायचा. वेलचीने पित्त बसतं म्हणायचे. मीही म्हणायचे, हो, बसतं."

लक्ष्मणच्या हातात कप अजून तसाच होता. त्याने तो खाली ठेवला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मोठे मन वगैरे जे काही जिन्यात वाटले होते, ते कुठच्या कुठे गेले होते. त्याला आपली भयंकर लाज वाटत होती.

"तेव्हा तुम्ही बोलला असता तर..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "जाऊ द्या. त्याचा आता उपयोग नाही. मी पुन्हा विचारते. वस्तरा कसा होता?"

"चांगला होता."

"मग?"

लक्ष्मणने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"त्याला बोलवा. त्याच्या पाठीमागे नाही सांगणार. त्याच्यासमोर सांगतो."

बाईंनी हाक मारली. नळ बंद झाला. समरजित टॉवेलने डोके पुसत बाहेर आला, लक्ष्मणला पाहून थबकला, मग आईकडे पाहिले. खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलवर काळे केस चिकटले होते. काय झाले असावे ते त्याला कळले, आणि त्याने लक्ष्मणकडे असे पाहिले की लक्ष्मणला नजर वळवावीशी वाटली. त्याने ती वळवली नाही.

"काका, तुम्ही म्हणाला होता..."

"म्हणालो होतो. बस इथे." त्याने दिवाणावर सरकून जागा केली. फोटो थोडा बाजूला घ्यावा लागला. "तुझं तू सांग, मी सांगणार नाही. पण आधी माझं ऐक."

समरजित बसला. विजयमालाबाई खुर्चीतच होत्या. लक्ष्मण त्यांच्याकडे वळला.

"पित्तबित्त काही नव्हतं, वहिनीसाहेब. दाढी पाच मिनिटांत व्हायची. उरलेला अर्धा तास दादासाहेब माझ्या मागच्या खोलीत बसायचे, दार लावून. अकरा वर्षं. वेलची मीच आणून ठेवायचो."